कडू अण्णांची जीभ

यमीने काढ्याची वाटी संपवली, ओठ पुसले आणि म्हणाली, "आई, अजून."

मी जागच्या जागी थिजले. कुड्याच्या सालीचा काढा कोणतंही मूल मागून घेत नाही. मोठी माणसंसुद्धा नाक दाबून पितात आणि वर गुळाचा खडा मागतात. यमी तीन वर्षांची होती. रक्ती आवेने पाच दिवसांत तिचं चिपाड झालं होतं, मान धरवत नव्हती, आणि ती काढा अजून मागत होती. वाटीच्या तळाशी राहिलेला थेंब मी बोटाने जिभेवर घेतला. लाकूड भिजत घातलेलं पाणी लागावं तसा लागला. जरासा तुरट. कडू अजिबात नाही.

चार दिवस मी तिला तोच पाजत होते. पोर तोंड वाकडं न करता पिते म्हणून मला बरंच वाटलं होतं. शेजारणीला म्हटलंही होतं, "शहाणी आहे हो माझी."

पलीकडच्या अंथरुणावर सासूबाई त्याच दुखण्याने पडल्या होत्या. "यमीकडे बघा," एवढंच त्यांना सांगितलं, काढ्याचं भांडं उचललं आणि भर दुपारी, खांद्यावरचा पदर कुठे आहे ते न बघता, आळी ओलांडून अण्णांच्या घरात शिरले. काढ्याची साल अण्णांनी दिली होती. आणि अण्णांनी पारखलेल्या औषधावर कल्याणात तेव्हा कोणी संशय घेत नसे.

ही प्लेगाच्या आधीची गोष्ट. आता अण्णांना पाहिलेलं माणूस आमच्या आळीत मीच उरले आहे, म्हणून लिहिते. मी मराठी चार इयत्ता शिकले, तेवढ्यात जमेल तसं.

अण्णांनी मुंबईला सरकारी रसायनशाळेत अठरा वर्षं नोकरी केली होती. विषप्रयोगाचा संशय आला की मेलेल्या माणसाची आतडी बरणीत घालून पोलीस तिथे पाठवत. धोतरा की सोमल की कण्हेर, ते तिथे शोधून काढत. अण्णा तिथल्या साहेबाच्या हाताखाली हेच काम करत. पुढे बायको वारली, दम्याने छाती धरली, तेव्हा नोकरी सोडून ते कल्याणला वडिलांच्या घरात येऊन राहिले. पारनाक्याकडून खाडीवर उतरणारी आमची आळी, तिच्यात आमच्या समोरचं दार. येताना काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि एक नाजूक तराजू घेऊन आले. ते म्हणायचे, "अठरा वर्षं मेलेल्यांना विचारलं, काय खाल्लंत. आता जिवंत माणसांना आधीच सांगावं म्हणतो, काय खाऊ नका."

माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं लग्न होऊन आले त्या आठवड्यातलं. सासूबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. मी वरण वाढलं. अण्णांनी एक थेंब जिभेच्या टोकावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, हळद कुठून आणलीत?" सासूबाई म्हणाल्या, "बाजारातून. का हो?" तर म्हणाले, "निम्मी हळद आहे, निम्मी पिवळी माती. सूनबाईंचा दोष नाही." सासूबाई दोन दिवस त्या दुकानदाराला शिव्या देत होत्या आणि चार दिवस अण्णांना.

जे दिसेल ते चाखायचं आणि थुंकायचं, ही त्यांची सवय गावभर ठाऊक होती. पानं, मुळं, चीक, बाजारातला हिंग. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून म्हणत, "अण्णा, आमटी चाखा, पण थुंकू नका हो!" मुलं त्यांना कडू अण्णा म्हणत. मग मोठेही म्हणू लागले. अण्णांना त्याचा राग नव्हता. "गोड अण्णांपेक्षा बरं," म्हणत.

वैद्य त्यांच्याकडे काष्ठौषधी पारखायला आणत. सरकारी दवाखान्यातूनही कधीकधी पुड्या येत. त्यांचा एक नियम होता आणि तो ते येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत: "जिभेने विचारावं, काचेने ठरवावं." कुड्याचं त्यांनी मला दाखवलं होतं. कुडा दोन जातींचा. पांढरा कुडा कडूजहर आणि आवेवर रामबाण. काळा कुडा त्याचा सख्खा भाऊ शोभावा असा, पण गुण नाही. झाड उभं असलं तर शेंगांवरून कळतं, काळ्याच्या दोन शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात. साल सुकून तुकडे झाले की भले भले फसतात. म्हणून साल आधी चाखायची. मग थोडी तेजाबाच्या पाण्यात उकळून गाळायची, नितळ पाणी नळीत घ्यायचं आणि त्यात पाऱ्याच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. साल खरी असेल तर पाणी नासलेल्या दुधासारखं होतं. खोटी असेल तर नितळ राहतं.

मला अक्षर येतं याचं त्यांना कौतुक होतं. बरण्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घेत. मलंगगडाच्या अंगाची झाडं, कशाची साल कोणत्या महिन्यात जोरात असते, हे सगळं ते एका वहीत उतरवत होते. तराजूवर काही घातलेलं असलं आणि मी बोलले की बोट वर करत. "हळू बोल गं. काटा ऐकतोय."

त्या दुपारी मी शिरले तेव्हा ते घोंगडी पांघरून कुडकुडत पडले होते. आठ दिवस त्यांना हिवताप होता.

"अण्णा, हे कडू नाही."

"काय कडू नाही?"

"काढा. यमीने अजून मागितला."

ते उठून बसले. माझ्या हातातल्या भांड्यात बोट बुडवून चाटलं. "वेडी का तू? विषासारखा कडू आहे. काळजीने तुझी जीभ गेली असेल."

मला सासरच्या माणसांसमोर उलट बोलायची सवय नव्हती. त्या दिवशी बोलले. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन गुळाच्या ढेपेचा खडा फोडून आणला आणि पुढे केला. "हा चाखा."

त्यांनी तोंडात घातला. थोडा वेळ चघळला. मग हातावर काढून त्याच्याकडे बघत राहिले.

"गूळच आहे ना हा?"

"गूळच."

"कडू लागतोय," ते म्हणाले.

तापावर ते रोज दोन वेळा कोयनेलची कडूजहर पूड घेत होते. तोंडाला त्याची चव चिकटलेली. दरवर्षी मलंगगडाकडची एक ठाकरीण त्यांना साल आणून देई. यंदा वालधुनी दोन्ही काठ भरून वाहत होती, ती आली नाही. आळीत आव लागली, लोक दाराशी आले, तेव्हा अण्णांनी बाजारातून कुड्याची साल मागवली, एक तुकडा चावला, कडू लागला, आणि वाटून टाकली. ताप होता, उठवत नव्हतं. काचेला विचारलं नाही.

आता उठले. दिवा मी पेटवला. बाजारची साल उकळली, गाळली, दोन थेंब टाकले. पाणी नितळ. नमुना म्हणून बरणीत ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या सालीचा चिमूटभर चुरा तसाच केला. नळी पांढरी झाली. दोन्ही नळ्या खिडकीशी धरून ते उभे होते. मी विचारलं, "आता?"

"गणू तेली कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"तो सकाळीच गेला."

आमच्या आळीत त्या काढ्यावर चार माणसं होती. यमी, सासूबाई, गणू तेली आणि सखाराम आगऱ्याची बायको भागी.

बरणीत बोटभर नमुना उरला होता. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "पोरीला उकळून दे. एक दिवस निघेल. चौघांत वाटला तर कोणालाच उपयोग नाही, आणि लहान अंगाला थोडाही पुरतो." सासूबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मग घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि खाडीकडे निघाले. सखाराम होडीवाला होता. त्याने त्यांना वालधुनीपार सोडलं. पुढे मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत चिखलातून चालत, अंगात ताप घेऊन.

तो खरा काढा यमीने थुंकला, रडली, मला चावली. मी तिचं नाक धरून पाजला. संध्याकाळपर्यंत तीनदा पाजला. मग साल संपली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना यमी गेली. ती पाणी मागत होती, मी चमच्याने घालत होते. याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही. माझे यजमान रेल्वेत इगतपुरीला होते, त्यांना तार पोहोचेपर्यंत आळीतल्या पुरुषांनी तिला नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. मागे ती ठाकरीण, तिच्या डोक्यावर ओल्या सालीचा भारा. अण्णांच्या पायाला चिंध्या बांधलेल्या होत्या आणि डोळे आत गेले होते. सखाराम त्यांच्या ओटीवर पहाटेपासून बसून होता. मी दारातून पाहिलं आणि गेले. मला सुतक होतं, पण त्या दिवशी कोणी कोणाचं सुतक विचारलं नाही.

भारा उतरवल्या उतरवल्या सखारामने हात घातला. अण्णांनी त्याच्या मनगटावर काठी ठेवली. "थांब. आधी नळीत."

"अन्ना, बायको मरते माजी, आनि तुमी कांचेशी खेलताव?"

"एकदा न विचारता दिलं, सखाराम. आता तू मला खाडीत टाकलंस तरी विचारल्याशिवाय देणार नाही."

सखारामने खरंच मूठ उगारली होती. ठाकरीण मध्ये आली. "अरं, झाडावरनं म्या सोलली," ती ओरडली. "शेंगा बघून सोलली. घे!" तरी अण्णा हलले नाहीत. दिवा पेटवला. नळी त्यांच्या हातात राहीना, म्हणून त्यांनी माझ्याकडे दिली, आणि तेव्हा माझ्याकडे नीट पाहिलं.

"यमी?"

"काल गेली."

त्यांनी उकळतं पाणी उतरवून गाळायला घेतलं. मग म्हणाले, "नळी सरळ धर."

मी धरली. त्यांनी दोन थेंब टाकले. "तूच सांग. माझ्या डोळ्यांचं आज खरं नाही."

"पांढरं झालं."

"चाख."

मी सालीचा तुकडा चावला. कानशिलं झिणझिणली इतका कडू.

"कडू आहे," मी म्हटलं, आणि सखाराम सालीची ओंजळ भरून पळाला.

सासूबाईंना काढा मीच केला आणि मीच पाजला. खरा काढा सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी त्यांचं रक्त थांबलं.

माणसं सावरल्यावर अण्णा चार घरी गेले. तेल्याकडे, सखारामकडे, आमच्याकडे, आणि ज्या वैद्यांना ते साल पारखून देत त्यांच्याकडे. सगळीकडे उभ्यानेच सांगितलं, माझ्या हातून झालं, साल खोटी होती, मी तपासली नाही. लोकांना हे ऐकायचं नव्हतं. तेल्याच्या सुनेने दार लावून घेतलं. वैद्य हसले. "कडू अण्णांची जीभ अखेर बाटली," असं बाजारात म्हणू लागले. दवाखान्यातून पुड्या यायच्या बंद झाल्या.

आमच्या ओटीवर ते आले तेव्हा सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असू दे अण्णा. पोरीचं आयुष्य तेवढंच होतं. दैव."

"दैव नाही, वहिनी. काळा कुडा. आणि मी."

"अहो, दैव म्हणा ना," सासूबाई रडकुंडीला आल्या. "आम्हाला तेवढंच बरं वाटेल."

"नाही म्हणणार," अण्णा म्हणाले. "मी दैव म्हटलं की पुढच्या वर्षी पुन्हा न तपासता देईन."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा श्वास घेता आला. तोवर जो येई तो दैव म्हणे, देवाला आवडली म्हणे, आणि मला त्या प्रत्येकाला हाकलून द्यावंसं वाटे. खरं बोलला तो एकटाच माणूस होता, आणि तिला मारलंही त्यानेच. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी म्हातारी झाले तरी त्यातलं एकही मला खोडता आलेलं नाही.

पुन्हा त्यांनी कधी जिभेवर भरवसा ठेवला नाही. जेवणाची चवसुद्धा ते दुसऱ्याला विचारत. पुढच्या ज्येष्ठात ठाकरीण साल घेऊन आली तेव्हा त्यांनी आमच्या दाराशी येऊन विचारलं, "सूनबाई, येतेस?" राग गेला नव्हता. पण पावसाळा तोंडावर होता, आणि आव काही माझा राग बघून थांबणार नव्हती. भाकरी तव्यावरून उतरवली आणि गेले. चाखलं, नळी धरली, पांढरं झालं ते सांगितलं. पुढे दर वर्षी गेले. आम्ही यमीबद्दल एकदाही बोललो नाही. फक्त वहीत, कुड्याच्या पानावर, त्यांनी दोन नावं लिहिली होती आणि खाली लिहिलं होतं, "तपासलं नाही." ते अक्षर त्यांचं होतं. चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घेणाऱ्या माणसाने तेवढं स्वतः लिहिलं.

अण्णा त्या तापातून उठले आणि प्लेगाच्या पहिल्या सालात गेले. भागी जगली, तिला पुढे दोन मुलगे झाले. सासूबाई आणखी नऊ वर्षं जगल्या. गणू तेली आणि माझी यमी जगले नाहीत. मी जगले.