चिखलातल्या लाल खुंट्या

माणूस फार गोड बोलायला लागला की बायजा आधी त्याचे पाय कुठं आहेत ते बघते. आपल्या बांधाच्या अलीकडं की पलीकडं.

पोशीरच्या खालच्या आळीत तिचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. गंमत म्हणून लोक तिची खोडीही काढतात. पण बाई उगाच अशी झाली नाही. नवरा होता तेव्हा त्यानं एका फार्महाऊसवाल्याला आंब्याखालच्या शेतातून गाडी न्यायची मुभा दिली. "चार दिवस जातो दादा," म्हणत तो माणूस हात जोडून उभा होता. चार दिवसांची बारा वर्षं झाली आणि मग तिथं वहिवाट आहे म्हणून कागद निघाला. आज त्या शेतातून पक्का रस्ता जातो. बायजाच्या नावावर उरलंय ते ओढ्याकाठचं सात गुंठ्यांचं भाताचं एकच खाचर. देवापुढं दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं, की ती पहिली त्या खाचराला फेरी घालते. चहा त्यानंतर.

यंदा आषाढात, दोन आठवडे पावसाची झड लागलेली असताना, तिचा पुतण्या वाल्मिक टेंपोतून एक यंत्र घेऊन आला. वाल्मिकचं चौकला गॅरेज आहे. कर्जतकडच्या कुठल्याशा रिसॉर्टनं पाहुण्यांना फिरवून फिरवून मोडीत काढलेली ती गाडी होती. चार जाड चाकं, वर मोटारसायकलीसारखं हँडल. क्वाड बाईक म्हणतात म्हणे. आळीनं तासाभरात तिचं नाव खेकडा ठेवलं.

वाल्मिक टेंपोतून उतरला तो थेट बायजाच्या पाया पडला. दिवाळीलासुद्धा लांबूनच हात जोडणारा पोरगा! वर खालापूरहून पेढे आणलेले.

"कशाचे रं पेढे?"

"सहजच, काकी."

बायजानं पेढे देवापुढं ठेवले. खाल्ला मात्र एकही नाही.

मग आठ दिवस पडवीत ठाकठूक चालली. वाल्मिकनं गाडीची चाकं उतरवून पॉवर टिलरची खोल खाचांची चाकं चढवली. ती बसेनात म्हणून वेल्डिंग करून सगळा सांगाडा चार बोटं वर उचलला. एंजिन जिथून हवा ओढतं तिथं प्लंबरचा पांढरा पाईप जोडून तो हँडलच्याही वर नेला, आणि धुराचं नळकांडं मागं ताठ उभं केलं. तारांवर ग्रीस थापून वरून सायकलच्या ट्यूबचे तुकडे आवळले. बायजा तांदूळ निवडायचं सूप घेऊन रोज समोर बसायची. सुपात तेच तांदूळ तीनदा निवडून झाले.

"खेकड्याला शिंगं कशाला रं ही?"

"नाक हाय ते, काकी. चिखलात बुडाली तरी वरनं श्वास घील."

"आन् एवढ्या चिखलात हिला न्यायची कुटं?"

"बघू. एक काम हाय."

हे बोलताना त्यानं मान वर केली नाही. घट्ट झालेला नट पुन्हा घट्ट करत राहिला. बायजानं ते बरोबर टिपलं.

गुरुवारी सकाळी ती फेरीला गेली आणि बांधावरच थबकली. बांध तरी कसला, पावसानं तो कधीच बसवला होता. तिचं खाचर आणि शेजारचं वाल्मिकचं तीन वर्षं पडीक असलेलं खाचर मिळून तांबड्या पाण्याचं एकच तळं झालं होतं. आणि त्या तळ्यात, अगदी तिच्या बाजूनं, बांबूच्या अकरा खुंट्या एका ओळीत उभ्या होत्या. प्रत्येकीला लाल चिंधी. ओळ सरळ पलीकडच्या माळापर्यंत गेलेली.

लाल चिंधीच्या खुंट्या आल्या की मागनं मोजणीचे दुर्बीणवाले येतात, त्यांच्या मागनं प्लॉटविक्रीचा फलक लागतो. या पट्ट्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

आदिवासी वाडीवरची ललिता राबात, भातरोपांच्या वाफ्यात, रोपं उपटत होती. या दोघींची सावड जुनी. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या.

"कुणी रोवल्या गं या?"

"वाल्मिकदादानं. काल दिसभर काठी खुपसत फिरत व्हता, बाय. मी म्हनलं खेकडंच धरतोय."

"खेकडं नाय, माझं खाचर धरतोय तो. वाट पाडतोय माझ्या रानातनं."

"इचारा ना मंग त्याला."

"इचारलं की खोटं बोलंल. मग आनखी एक पाप त्याच्या डोक्यावर."

खुंट्या उपटल्या तर तो पुन्हा रोवणार. म्हणून बायजानं दुसरंच केलं. लुगडं खोचून ती चिखलात उतरली आणि रामाचं नाव घेत एकेक खुंटी काढून चार चार हात पलीकडं, वाल्मिकच्या हद्दीत रोवली. ओळ तशीच सरळ. काय मोजायचं ते आता आपल्या रानात मोज म्हणावं.

शनिवारी सकाळी खेकडा आवाज करत आला. वाल्मिक वर ताठ बसलेला. पाणी चाकांवर आलं तरी गाडी खरंच चालत होती. चाकं चिखलाचे गोळे मागं भिरकावत होती, पांढरा पाईप वरून सूं सूं करत होता. पहिली खुंटी गेली. दुसरी गेली. बायजा ललितासोबत राबात उभी राहून बघत होती. मोजणीवाला कुठं दिसत नव्हता. दुर्बीण नव्हती. वाल्मिक फक्त खुंटीमागून खुंटी धरून चालवत होता, जत्रेत बापाचं बोट धरल्यासारखा.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. तिच्या खाचराच्या कडेला चिखलाखाली कातळ आहे. पाय गुडघ्याच्या खाली जात नाही. वाल्मिकच्या बाजूला तळच नाही. टिलर रुतला म्हणून तर ते पडीक पडलं. खुंट्या जमिनीच्या नव्हत्या, कातळाच्या होत्या. चाळीस वर्षं ज्या चिखलात ती लावणी करत होती, त्याचा तिला त्या दिवशी विसर पडला होता.

"थांब रं! वाल्मिक, थांब!"

एंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार. चौथ्या खुंटीला गाडीचं पुढचं डावं चाक खाली गेलं. त्यानं जोर दिला तशी मागची चाकं भोक पाडल्यासारखी खाली उतरली. गाडी एका अंगावर कलली आणि त्याचा डावा पाय तिच्याखाली अडकला. चिखल त्याच्या कमरेला आला. नळकांडी वर होती म्हणून एंजिन मरेना, आणि एंजिन चालू म्हणून गाडी अजूनच खाली जात राहिली.

"बंद कर ते आधी! ललिता, दोर आण गं!"

बायजा कातळाच्या कडेनं पायानं चाचपत गेली. आता तिचा पाय चुकला नाही. ललितानं ऐनाच्या फांद्या तोडून चिखलावर अंथरल्या, दोर त्याच्या काखेतून घातला, आणि दोघींनी मिळून ओढलं. पाय सुटला. बूट आतच राहिला. घोटा सुजला होता, पण हाड शाबूत होतं.

वाल्मिक कातळावर बसून धापा टाकत होता. मग त्याचं लक्ष खुंट्यांकडं गेलं आणि त्यानं ललिताकडं बघितलं.

"खुंट्या हलवल्यात कुणीतरी. वाडीवरच्यांची कामं ही. चिंध्या काढायला आले असतील."

ललिता नुसता दोर गुंडाळत राहिली.

"तिच्याकडं नको बघू," बायजा म्हणाली. "मी हलवल्या."

"तू? काकी, मरत होतो मी!"

"बघितलं की. माझ्या हातनं मरत होतास." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तू सांग. कुटली वाट पाडत होतास?"

मग निघालं एकेक. रिसॉर्टवाल्यानं वाल्मिकला सांगितलं होतं, चिखलातून गाडी माळापर्यंत नेऊन दाखव, रविवारचे पाहुणे तुझ्याकडं पाठवतो. जायला जागा एकच, काकीचा कातळ.

"मग इचारलं का नायस?"

"तू नाय म्हणाली असतीस."

"म्हनलेच असते. म्हणून काय इचारायचंच नाय?"

गाडी दुसऱ्या दिवशी झाडाला चेन-पुली लावून वर काढली. वाल्मिकला वाटलं, विषय संपला. पण चौथ्या दिवशी बायजानं त्याला बोलावलं. "कातळावरनं जा. पर दर खेपेला इचारून जा, साक्षीला माणूस ठेवून. एकदाच इचारलं की वहिवाट होते, दर खेपेला इचारलं की होत नाय, एवढं मी एकदा रान घालवून शिकले."

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी ती स्वतः करवंदीच्या काट्यांची झाप कातळाच्या तोंडाशी आडवी टाकते. रविवारी वाल्मिक येतो, पाहुण्यांसमोर एंजिन बंद करतो आणि उतरतो.

"काकी, जाऊ का?"

"मोठ्यानं बोल. ललिताला ऐकू जाऊ दे."

"काकी, तुझ्या खाचरातनं जाऊ का?"

"ऐकलं गं बाय!" ललिता पलीकडून ओरडते.

मग बायजा सावकाश येते, गाडीभोवती एक फेरी घालते, मागं बसलेला पाहुणा कोण, कुठला, इकडं जमीन बघतोय का, सगळं विचारते. आणि झाप बाजूला सारते. चाकांपुरतीच.