फौजीचा उजवा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. बाजारात माझ्या शेजारी बसून मसाले विकणाऱ्या जैबूनबीला यातलं एक वाक्य ठाऊक आहे, कारण ते मी तिच्याकडे तोंड करून बोलले होते. पण ते खोटं होतं, हे तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते. मध्येच माझी समजूत काढू नका — मला रडायचं नाही.

आमच्या गावात एक फौजी होता. नाव कशाला हवं? सगळे फौजीभाऊच म्हणायचे. एकाहत्तरच्या लढाईत उजवा हात मनगटापासून गेला. सरपंच झाला, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष झाला, पंचायत समितीत गेला. स्टेजवर चढला की ते उजवं मनगट कपाळाला लावून सलाम करायचा. म्हातारे पारावर बसून म्हणायचे, "याले एकच हात, खाईल तरी किती?" हसत हसत मतं पडायची. तो हात त्यानं कधी लपवला नाही. पोरांनी विचारलं तर बाही वर करून दाखवायचा.

या माणसानं माझ्या नवऱ्याला भर ग्रामसभेत उभं केलं. तलावात सुरुंगाची कांडी फोडून मासे मारले म्हणून. आम्ही ढीवर, आमचं पोट त्या तलावावर. खाणीतून चोरून आणलेली कांडी पाण्यात फोडली की मोठ्या माशांसोबत पिल्लंही मरतात, पुढच्या वर्षी जाळ्यात काही येत नाही. फौजी म्हणाला, "ज्या पाण्यानं पोसलं, त्याच्याच पोटात कांडी फोडता?" हे तो नवऱ्याकडे पाहून म्हणाला नाही. बायांमध्ये मी बसले होते, माझ्याकडे पाहून म्हणाला.

सोसायटीतून नाव गेलं. तलाव बंद झाला. मी दुसऱ्या गावांतून मासे विकत घेऊन बाजारात बसायचे, त्यात भागेना. दोन हंगाम आम्ही आंध्रात मिरची तोडायला गेलो. बोटं इतकी जळायची की पोरीच्या तोंडाला हात लावता यायचा नाही. रोज संध्याकाळी त्या बोटांवर ताक ओतताना माझ्या मनात एकच — याला कसं पाडू?

आणि ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं. आमच्याकडे उजवा हात नसलेला माणूस दिसला, तर लोकांना लढाई आठवत नाही. कांडी आठवते. वात आखूड राहते, कांडी हातातच फुटते. आणि टाकणारा हात उजवा असतो. असे दोन-तीन जण आसपासच्या गावांत होते. त्यात फौजी फौजेतून सुटल्यावर सरळ गावी आला नव्हता. काही वर्षं राजुऱ्याला मामाकडे राहून खाणीच्या फाटकावर वॉचमन होता. गावानं त्याला हाताविना पाहिलं, ते राजुऱ्याहून आल्यावर.

तो जिल्हा परिषदेला उभा राहिला. मी आठवड्याचे चार बाजार करायचे, चारही त्याच्या सर्कलमधले. मी फक्त विचारायचे — मरळ कापता कापता. फौजीभाऊचा हात लढाईत गेला म्हणतात, मग राजुऱ्याले खाणीवर कायले राह्यला होता इतके साल? बस. पुढचं बाया स्वतःच जुळवायच्या आणि माशांसोबत घरी न्यायच्या. मी तर खोटं काहीच बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पटत होतं का? पटत होतं. हव्या त्या गोष्टी पटतात.

त्यानं सभेत फौजेचे कागद दाखवले. लोक म्हणाले, कागदाचं काय, राशनकार्डंही खोटी निघतात.

आता जे सांगायचं आहे ते — मला खरं माहीत होतं. त्याच्या घराबाहेर गल्लीत एकटीलाच.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमच्या गल्लीत वाचता येणारी मीच. फौजेच्या दवाखान्यातून पत्र आलं, हिंदीत. त्याची माय म्हणाली, "हे अक्षर माह्या लेकाचं नाई. काऊन?" मी पुढे वाचलं, तेव्हा तिला कळलं काऊन. तिनं मला दारात बसवून ते तीनदा वाचायला लावलं आणि मग कुणाला सांगू नको म्हणून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पुढे पत्र वाळवीनं खाल्लं, म्हातारी गेली. राहिले मी.

मतदानाच्या आठवड्यात तो बाजारात आला. एकटाच. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"सुमन, मायले पत्र कोणं वाचून दाखवलं होतं?"

मी मरळ राखेत घोळवत होते. म्हटलं, "मले आठवत नाई, फौजीभाऊ."

"तुले आठवते. उद्या सभेत ये. भाषण नको देऊ. पत्र वाचलं होतं, इतकंच सांग. माह्या घरच्यायचं कोणी ऐकणार नाई. तुह्यं ऐकतीन. तू माही दुश्मन आहेस, सगळ्यायले मालूम आहे."

"मग आधी तुम्ही सांगा सभेत, का माह्या नवऱ्यानं कांडी फोडली नाई."

त्यानं सरळ विचारलं, "फोडली होती का नाई?"

"नाई."

"मी कसं सांगू मग ते," तो म्हणाला. रागानं नाही. मग पाव किलो झिंगे मागितले.

फोडली होती. मी काठावर उभी होते. तरंगलेले मासे घमेल्यात मीच भरले. बोटाएवढी पिल्लं पायानं बाजूला सारली. फौजी त्या ग्रामसभेत एक शब्दही खोटा बोलला नव्हता.

झिंग्यांची पिशवी मी त्याच्या उजव्या मनगटावर अडकवली, नेहमीसारखी. तो उठून चालू लागला. दहा पावलं गेला असेल, भरल्या बाजारात मी जैबूनबीकडे तोंड केलं आणि त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "कांडी टाकणाऱ्याचा उजवाच जाते ना वो बाई? राजुऱ्याच्या तलावावर फुटली त्याची. माह्या बापानं पाह्यलं."

बापानं काही पाहिलं नव्हतं. आसपासच्या बाया हसल्या. फौजीनं वळून पाहिलं नाही. पिशवी काढून डाव्या हातात घेतली आणि उजवं मनगट गळ्यातल्या दुपट्ट्यात घातलं.

तो पडला. पुन्हा कशालाच उभा राहिला नाही. त्यानंतर सात-आठ वर्षं जगला. मे महिन्याच्या उन्हातही मनगटाला दुपट्टा गुंडाळलेला असायचा. पोरं विचारायची बंद झाली. तिरडीवर ठेवला तेव्हाही गुंडाळलेलाच होता. बायांसोबत अंगणात उभी राहून मी ते पाहिलं. तेव्हा वाईट वाटलं का? नाही. तेव्हा मला मिरची आठवत होती. तो पडल्याचं बरं मला आजही वाटतं, हेही यातच धरा.

त्याचा हात लढाईत गेला. उजवा, मनगटापासून. पत्रात तसं लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं होतं.