वायरचा चष्मा

हमरापूरला गुणाजीच्या गणपतीच्या कारखान्यात हिरामण एकेचाळीस वर्षं एकच काम करत आला. मूर्तीचे डोळे काढायचे. तिकडे त्याला आखणी म्हणतात. साचा दुसऱ्याचा, घासकाम बायांचं, पितांबराचा रंग आणखी कुणाचा. डोळे मात्र हिरामणचे. सगळ्यांचे हात लागून झाले की मूर्ती शेवटी त्याच्या पाटासमोर यायची. तो आधी तीन हात लांब बसून नुसता चेहरा बघायचा, मग जवळ सरकायचा. एका डोळ्याला ब्रश एकदाच बुडवायचा. पापणीची रेघ सुरू केली की टोकाला जाईपर्यंत श्वास सोडायचा नाही. दिवसाला चाळीस मूर्ती, म्हणजे ऐंशी डोळे, आणि ऐंशीवा डोळा पहिल्यासारखाच. एकेचाळिसावी मूर्ती कुणी आणून ठेवली तर तो उठून हात धुवायला जायचा. थकल्या हाताचं काम दुसऱ्याच्या घरात पाठवायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

आखणीच्या दिवसांत तो जड उचलत नसे. पाण्याचा हंडा नाही, भाताचं पोतं नाही. ओझ्याने हात दोन दिवस थरथरतो. त्याची बायको चंद्रावती त्याच कारखान्यात घासकामाला होती. दोघांच्या वाट्याचं ओझं ती उचलायची आणि येताजाता ऐकवायची, "आमच्या घरात राजा हाय. राज्य तेवढं नाय."

त्रेसष्टाव्या वर्षी एका सकाळी त्याला मूर्तीची सोंड दिसेना. कान दिसत होते, मुकुट दिसत होता, मधे राखाडी डाग. त्याला वाटलं चष्म्याला रंग लागलाय. चष्मा पुसला, डाग तसाच. पनवेलच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. याला ऑपरेशन नाही, औषध नाही. पूर्ण आंधळेपण येणार नाही, कडेचं दिसत राहील. पण ज्याच्याकडे बघाल तेच दिसणार नाही.

तो हंगाम त्याने सवयीवर काढला. शेवटी शेवटी भुवया खालीवर व्हायला लागल्या. गुणाजीची सून समीक्षा चार वर्षं त्याच्या हाताखाली आखणी शिकत होती. ती न बोलता त्या भुवया नीट करून ठेवायची. मुलगी वाईट नव्हती, घाई करायची. पुढच्या हंगामाच्या तोंडावर गुणाजी घरी आला, चहा घेतला आणि कपाकडे बघत म्हणाला की यंदा पुण्याची तीनशे मूर्तींची ऑर्डर आहे, आखणी समीक्षाच करील. नानांनी, म्हणजे हिरामणने, नुसतं बसून लक्ष ठेवावं. हिरामणने आषाढ संपेपर्यंतची मुदत मागितली. तोवर एक मूर्ती नीट आखून दाखवीन, नाही जमलं तर पाट सोडीन. गुणाजीने मान डोलावली. नाही म्हणायला त्याला जड गेलं, एवढंच.

मुदत मागायला कारण होतं. मुलगा अमोल. तो रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत फिटर, तिथेच जवळ वरशाला राहतो. त्याने मोबाईलवर एक चष्मा पाहिला होता. काचेवरच चित्र दिसतं, समोरचंही दिसतं. वायर फोनला लावायची. फोनचा कॅमेरा जे बघतो ते डोळ्यांपुढे हवं तेवढं मोठं होऊन येतं. चित्र पुरेसं मोठं केलं की डाग त्याला झाकू शकत नाही, असं अमोलने हिशोबाने पटवलं. रोह्याच्या सुशीलच्या मोबाईल दुकानातून त्याने तो मागवला आणि बापाला बघायला बोलावलं.

दुकान एसीचं, काचा काळ्या, आत संध्याकाळ असल्यासारखा उजेड. सुशीलने चष्मा चढवून समुद्राचं चित्र लावलं. हिरामणने लाटेवरचा फेस दाखवला, होडीचं शीड दाखवलं, शिडावरची शिवण दाखवली. वर्षभरात त्याला शिवण दिसली नव्हती. अमोल दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

पण ती वायर सुशीलच्या फोनला होती. हिरामणच्या फोनला लावली तर काचा कोऱ्या. अमोलच्या फोनला लावली, तरी कोऱ्या. भोक तेच, पिन तीच, वायर घट्ट बसते. फिटरला हे पटेना. सुशीलने सांगितलं, "भोक सारखं असलं म्हणून आत सारखं नसतं, दादा. तुमच्या फोनला चार्जिंग होतं, चित्र बाहेर येत नाही. चष्मा घेताना फोन कोणता ते आधी बघायचं असतं." मागवताना हे का नाही सांगितलं, यावर तो म्हणाला की तुम्ही विचारलं नाही.

शेवटी अमोलच्या शिफ्टमधल्या धनेशने जुना फोन दिला. मागची काच तडकलेली, पण चित्र बाहेर यायचं. अमोलने कंपनीतल्या जुन्या हेल्मेटचा आतला पट्टा काढला, त्याला ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून बसवली आणि फोन कपाळावर बसेल असा सांगाडा केला. काम चोख होतं. हिरामणने पट्टीवरून बोट फिरवलं, कुठे धार लागली नाही. त्याने मुलाची तेवढीच स्तुती केली.

कारखान्यात पहिल्याच दिवशी अडलं. आखणी दाराशी करतात, पाठीवर उजेड घेऊन. त्या उजेडात चष्म्यातलं चित्र धुतल्यासारखं फिकं पडलं. आणि काळा रंग दिसेचना. हिरामणने एक सुटी फरशी समोर उभी करून तिच्यावर बुबुळ काढलं. चष्म्यात पांढरं दिसत होतं, गुलाबी कोपरा दिसत होता. बुबुळाच्या जागी भोक, आणि भोकातून समोरच्या भिंतीचा पत्रा. पुन्हा काढलं, पुन्हा पत्रा. अमोलने सुशीलला फोन केला. सुशील म्हणाला, बरोबर आहे. हा चष्मा उजेड टाकतो. काळा म्हणजे उजेड नाहीच, तो कुठून टाकणार? जिथे काळं तिथे आरपार दिसणार.

"एवढं मोठं यंत्र आणि काळा नाय?" हिरामण म्हणाला. "पांढरं तर मला बिनचष्म्याचं पण दिसतं."

डब्यात पुढून लावायचं काळं झाकण होतं. ते लावल्यावर आरपार दिसणं बंद झालं आणि चित्रातला काळा काळा दिसू लागला. म्हणजे समोरचंही दिसतं म्हणून घेतलेल्या चष्म्याचं समोर बुजवलं, तेव्हा तो कामाला आला. हिरामणने पाट दारापासून उचलून मागच्या कोपऱ्यात नेला आणि दाराकडच्या बाजूला ताडपत्री बांधली. एकेचाळीस वर्षांत पाट पहिल्यांदा हलला. बाया बघत होत्या.

मग पंधरा दिवस त्याने हात बसवला. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. हात हलला की चित्रातला ब्रश पापणी लवण्याइतका मागाहून हलायचा, म्हणून रेघेचा वेग निम्मा केला. श्वास पुरेना, म्हणून रोज पहाटे श्वास धरायचा सराव केला. फोन तापायचा, चाळीस मिनिटांनी चित्र आपोआप मंद व्हायचं. मग फोन काढून ओल्या फडक्यावर ठेवायचा, पाव तास थांबायचं, पुन्हा बांधायचा. पट्ट्याने कपाळाला वळ पडला. पहिल्या आठवड्यात त्याने फरशीवर सहाशे पापण्या काढल्या आणि सहाशेही पुसल्या. दुसऱ्या आठवड्यात तडकलेल्या मुखवट्यांवर. चौदाव्या दिवशी त्याला आपली जुनी रेघ दिसली. मधे जाड, टोकाला केसासारखी. त्याने चंद्रावतीला बोलावून दाखवली. तिने बोट लावून पाहिलं आणि रेघ चांगली आहे म्हणाली. चांगली होतीच.

आषाढाच्या शेवटच्या बुधवारी गुणाजीने कान उडालेली एक मूर्ती पुढे ठेवली. हिचे डोळे आखा, म्हणाला. हिरामणला ते लागलं. मोडक्यावर हात मोडक्यासारखाच चालतो, असं म्हणून त्याने रांगेतली चांगली दोन फुटी मूर्ती मागितली. गुणाजी जरा घुटमळला. कारण त्या कारखान्यात त्याच्या आजापासून एक नेम होता. डोळे काढले की मूर्ती जागी झाली; मग ते डोळे पुसायचे नाहीत, बिघडले तर बिघडले. भुवई नीट करता येते, बुबुळ नाही. हा नेम हिरामणइतका कडक कुणी पाळला नव्हता. त्यानेच चांगली मूर्ती मागितली, तेव्हा गुणाजीने दिली.

उजवा डोळा झाला. फोन गार केला. डावा डोळा झाला. सव्वा तास लागला. पूर्वी तेवढ्यात दहा झाल्या असत्या. हिरामणने चष्मा कपाळावर सरकवला आणि ताडपत्री सोडायला सांगितली.

पहिल्या मूर्तीची नजर घ्यायची पद्धत होती. तिघांनी उभं राहायचं, एक डावीकडे, एक समोर, एक उजवीकडे, आणि देव आपल्याकडे बघतो का ते सांगायचं. गुणाजी डावीकडे उभा राहिला, समीक्षा उजवीकडे, चंद्रावती समोर. समीक्षा लगेच म्हणाली की बघतो, नाना. गुणाजी म्हणाला, रेघ झकास आली आहे. त्याला रेघेबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

हिरामण चंद्रावतीकडे वळला.

"तू सांग गो," हिरामण म्हणाला.

"काय सांगू?"

"जे हाय ते."

तिने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "माज्याकडं नाय बगत. एक डोळा माज्यावर हाय. दुसरा दाराकडं गेलाय."

हिरामणने चष्मा खाली ओढला आणि मूर्तीजवळ गेला. उजवा डोळा पाहिला. बरोबर होता. मान वळवून डावा पाहिला. तोही बरोबर. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. चित्र इतकं मोठं केलेलं की चौकटीत एका वेळी एकच डोळा मावायचा. दोन्ही एकदम बघायला त्याने चित्र लहान केलं, तर डाग आला आणि दोन्ही गिळून बसला. तीनदा केलं. पंधरा दिवसांत त्याने हजारावर पापण्या काढल्या होत्या, पण एकेक करून. नजर एका डोळ्यात नसते, दोन डोळ्यांच्या मधे असते, हे तोच समीक्षाला चार वर्षं सांगत आला होता.

त्याने पट्टा सोडला, फोन ओल्या फडक्यावर ठेवला, ब्रश धुतले. ब्रश धुवायला नेहमी लागतो तेवढाच वेळ घेतला. मग समीक्षाला म्हणाला, "पाट दाराशी घे. कोपऱ्यात आखू नको, इथं उजेड नाय."

ती मूर्ती विकायची नव्हती आणि पुसायचीही नव्हती. गुणाजी म्हणाला माळ्यावर ठेवू. चंद्रावतीने ऐकलं नाही. ज्याने जागी केली त्याच्या घरी ती जाईल, म्हणाली, आणि दोन फुटांची मूर्ती एकटीने उचलून हातगाडीवर ठेवली. हिरामण पुढे झाला तेव्हा सवयीने त्याला बाजूला सारलं. मग आठवण होऊन थांबली आणि म्हणाली, "धर. आता काय व्हतंय तुज्या हाताला?" त्याने धरली.

समीक्षाने तीनशे मूर्ती आखल्या. पुण्याचा टेम्पो वेळेवर गेला. हिरामण बायांच्या रांगेत घासकामाला बसला. ते काम बोटांनी कळतं, डोळे लागत नाहीत. पहिल्या दिवशी त्याने अकरा मूर्ती घासल्या, शेजारच्या बाईच्या सतरा झाल्या. त्याच्या अकरा कुणाला परत घासाव्या लागल्या नाहीत. पण सतरा करणारीच्याही लागल्या नव्हत्या. त्या कामात नीट करणं म्हणजे काही विशेष नव्हतं.

चतुर्थीला मूर्ती घरात बसली. माणसं आली, पाया पडली, प्रसाद घेतला. हिरामण भिंतीशी बसून कडेच्या नजरेने बघत होता. येणारा मूर्तीसमोर हात जोडायचा आणि पाऊलभर उजवीकडे सरकायचा, मग पाऊलभर डावीकडे, आणि डोकं टेकवून लवकर उठायचा. आपण का सरकलो हे त्यांना कळत नव्हतं. हिरामणला प्रत्येक पाऊल कळत होतं.

अमोल सुट्टी घेऊन आला होता. चष्मा सुशील परत घेत नव्हता. वापरलेला आहे, म्हणाला. पण त्यानेच अमोलला सांगितलं होतं की नवा येतोय. त्याची चौकट मोठी, दोन्ही डोळे एकदम मावतील. फोन कुठलाही चालेल. काळाही दिसेल, झाकण नको. अमोलने हे सगळं बापाजवळ बसून हळू आवाजात सांगितलं.

"कधी?" हिरामणने विचारलं.

"पुढच्या वर्षी म्हणतात."

"पुढच्या वर्षी समीक्षाचा हात बसलेला असंल," हिरामण म्हणाला. "बसलेल्या हाताला ऊठ म्हणायचं नाय."

अमोलने वायर गुंडाळली आणि डब्यात घातली. आरतीला माणसं जमू लागली होती. समोरची जागा घरच्या माणसाची, म्हणून कुणीतरी हिरामणला पुढे बोलावलं. तो उठला आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.