मंडळाच्या वेबसाईटवर ठरलेलं माझं लग्न

माझं लग्न झालेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण एका रविवारी दुपारी ते तीनदा ठरलं, साडेचारशे घरांत कळलं आणि दिवेलागणीच्या आत तीनही वेळा मोडलं, हे माहीत आहे का? नाही ना? मग बसा निवांत, बिस्कीट घ्या. एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही. आणि त्यात मुलगी कुठे नव्हतीच!

मी कांजूरला आईबरोबर राहतो. वय चव्वेचाळीस. औषधांच्या कंपनीत डिस्पॅचला आहे, म्हणजे खोकी बरोबर ट्रकमध्ये चढतात की नाही ते बघायचं. कॉम्प्युटरचं ज्ञान तेवढंच. तर आमच्या गावच्या मुंबईकरांचं एक मंडळ आहे. मुलुंडला त्याचा हॉल आहे, आमच्या वडलांच्या पिढीनं गिरणीतल्या पाळ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा उचलून उभा केलेला. हा हॉल आता वेबसाईटवर बुक होतो.

वार्षिक सभेत मी एकच वाक्य बोललो. "आपली वेबसाईट फार हळू उघडते हो."

अध्यक्ष तावडेकाका म्हणाले, "म्हणजे तुला त्यातलं कळतं! आजपासून वेबसाईट संजय परबकडे."

टाळ्या! मी खुर्चीत बसेपर्यंत अनुमोदनसुद्धा होऊन गेलं होतं.

आता करायचं काय? माझा शाळेतला मित्र प्रशांत कांबळे. राहतो घाटकोपरला, ऑफिस कुर्ल्याला. लोकांच्या वेबसाईट बनवणं आणि लोकांनी बिघडवलेल्या सुधारणं, हा त्याचा धंदा. त्याला घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसा खायला नेलं.

"हे बघ संज्या," तो म्हणाला, "डोमेन म्हणजे तुझा पत्ता. होस्टिंग म्हणजे त्या पत्त्यावर भाड्यानं घेतलेली खोली. आणि वेबसाईट म्हणजे खोलीतलं सामान. कळलं?"

"कळलं. चटणी पास कर."

"लक्ष दे रे! पत्त्याची मुदत संपायच्या आधी वाढवून घ्यायची, नाहीतर तो दुसरा कोणी उचलतो. आणि पासवर्ड जर 'मंडळ१२३' असला तर आजच बदल."

"तुला कसा माहीत?"

त्यानं कपाळावर हात मारला.

"आता दोन गोष्टी नीट ऐक. कुठलाही बदल करायच्या आधी बॅकअप घ्यायचा. त्याच दिवशी, स्वतःच्या हातानं. आणि चालू साईटवर कधी प्रयोग करायचा नाही. तिची एक जुळी प्रत बनव, लोकांना न दिसणारी. काय नाटकं करायची ती तिथे कर. सगळं जमलं की मगच खऱ्या साईटवर."

"एवढंच ना?"

"एवढंच म्हणणाऱ्यांच्या जिवावर माझं घर चालतं, यार."

मी हसलो. हो, हसलो! त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

कमिटीला हवं होतं काय, तर बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'वधूचे नाव' असा नवा रकाना. साधं काम. आणि तावडेकाकांनी आधीच एक सोय करून घेतलेली होती. हॉल बुक झाला रे झाला की सगळ्या सभासदांना आपोआप मेसेज जायचा. कोणाच्या घरी काय कार्य आहे ते आपल्या माणसांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चांगलंच आहे हो! मेसेजात खरं असेल तर.

रविवारी जेवण झाल्यावर बसलो. कंट्रोल पॅनेलमधून जुळी प्रत बनवली. पहिल्या फटक्यात जमली! एका टॅबमध्ये खरी साईट, दुसऱ्या टॅबमध्ये तिची जुळी. रंग तोच, हॉलचा फोटो तोच, तावडेकाकांचं स्मितहास्यही तेच. दोघी शेजारी शेजारी उभ्या. आणि बॅकअप? म्हटलं, प्रत बनवलीये ना, मग आणखी बॅकअप कशाला?

रकाना घातला. आता तो चालतो का ते बघायला एक खोटं बुकिंग करायला हवं. फॉर्मनं सभासद क्रमांक मागितला. मला पाठ असलेला क्रमांक एकच, माझा. तो टाकल्याबरोबर वराच्या जागी आपोआप 'संजय परब' आलं. वधूच्या जागी काय लिहायचं? मी लिहिलं, 'टेस्ट डेमो'. तारीख मे महिन्यातला पहिला रविवार. बटण दाबलं.

मग जुळीच्या टॅबमध्ये जाऊन बघितलं. काही नाही! 'आगामी कार्ये'मध्ये मे महिना कोराच.

पुन्हा फॉर्म भरला. या वेळी फॉर्म म्हणाला, 'ही तारीख उपलब्ध नाही'. शहाण्या माणसानं इथे थांबून विचार केला असता की तारीख कोणी घेतली? मी म्हटलं, असेल काहीतरी बिघाड. दुसरा रविवार घेतला. जुळीत बघितलं, मे कोराच. मग तिसऱ्यांदा भरत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दिंडोशीची मंदामावशी, आईची धाकटी बहीण.

"काय रे संज्या! आम्हाला मेसेजवरून कळावं?"

"काय गं मावशी?" माझे डोळे स्क्रीनवर, कान अर्धाच.

"आता लाजू नकोस. टेस्ट कुठली आहे?"

टेस्ट एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. म्हटलं, वेबसाईटच्या कामाचं हिच्यापर्यंत पोचलेलं दिसतंय.

"टेस्ट चालू आहे अजून. झालं की सांगतो."

"म्हणजे पक्कं नाही?"

"दोनदा करून झालं, काही दिसतच नाहीये. आता तिसऱ्यांदा करतोय."

मग मावशी फार सावकाश म्हणाली, "तब्येतीला जप रे." आणि फोन ठेवला.

मी तिसरं बटण दाबलं.

लगेच तावडेकाकांचा फोन. "संजय, आधी अभिनंदन! पण एका सभासदाला एकच दिवस, नियम तुला ठाऊक आहे. एक दिवस आपल्या पद्धतीच्या लग्नाला, एक त्यांच्या पद्धतीच्या, इथपर्यंत मी कमिटीला समजावीन. पण तिसरा दिवस कशाला?"

"त्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

"अरे, तिच्या घरच्यांच्या! टेस डिमेलो ना? वसईची म्हणतात."

आता माझे डोळे स्क्रीनवरून मोबाईलवर गेले. काकांनी चष्मा न लावता मेसेज वाचला होता आणि मंडळाच्या ग्रुपवर स्वतः टाइप करून टाकलं होतं, 'चि. संजय परब आणि कु. टेस डिमेलो यांस हार्दिक शुभेच्छा.' खाली फुलं, हात जोडलेले, केक. एकानं विचारलेलं, 'जेवणात नॉनव्हेज ना?' दुसऱ्यानं कळवलेलं, 'वसईला आमच्या ओळखीचे डिमेलो आहेत, चांगली माणसं.' मांडववाल्यानं आपलं कार्डसुद्धा टाकलं होतं.

पायाखालची लादी सरकली हो! मी रकाना घातला खऱ्या साईटवर, फॉर्म भरत होतो तिथेच आणि शोधत होतो जुळीत.

प्रशांतला फोन लावत राहिलो. उचलला नाही. नंतर कळलं, तो विहारात कार्यक्रमाला बसला होता आणि फोन बायकोच्या पर्समध्ये. मग मी स्वतःच डोकं चालवलं. वाट लागली ती इथे.

कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप' लिहिलेलं बटण दिसलं. आत एकच बॅकअप होता. तारीख वाचली का? नाही. 'रिस्टोअर' दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, 'तुम्हाला खात्री आहे का?' होती ना! त्या क्षणी जगात माझ्याएवढी खात्री कोणालाच नव्हती.

साईट पुन्हा उघडली. माझी तिन्ही लग्नं गायब! मी खुर्चीत मागे रेललो. आणि मग दिसलं, वर लिहिलंय, 'गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा'. मार्च महिन्यात!

तावडेकाकांचा दुसरा फोन. आवाज थरथरत होता, रागानं. "संजय, मी विश्वासानं साईट तुझ्या हातात दिली. अध्यक्ष म्हणून राण्यांचा फोटो?"

बॅकअप गेल्या गणपतीतला होता. तेव्हा राणे अध्यक्ष होते. निवडणूक झाली नंतर.

"काका, चुकून झालं."

"चुकून कोणी सत्तापालट करतं का रे? सासरच्या माणसांना राणेच अध्यक्ष म्हणून दाखवायचे असतील तुला!"

इथपर्यंत ठीक होतं. काकांचा राग उतरतो. पण मग फोन आला भास्कर सावंतांचा. त्यांच्या मुलीचं, निकिताचं लग्न आमच्या हॉलमध्ये, पंधरा दिवसांवर. पत्रिका वाटून झालेल्या.

"संजय," ते हळू आवाजात म्हणाले, बहुधा शेजारी पाहुणे होते. "व्याह्यांना हॉल दाखवायला साईट उघडली. आपली तारीख रिकामी दिसतेय रे. दुसऱ्या कोणाला दिला की काय?"

तेव्हा मला कळलं. गणपतीनंतरची सगळी बुकिंग पुसली गेली होती. सगळ्या तारखा मोकळ्या, फॉर्म उघडा, आणि रविवारची दुपार, लोक घरी बसून मोबाईल बघतायत. निकिताच्या तारखेवर कोणी हात ठेवला असता तर? त्या माणसाला मी काय सांगणार होतो?

"काका, हॉल तुमचाच आहे. मी बघतो," एवढंच म्हणालो. काय बघतो, ते मलाच माहीत नव्हतं.

पाणी प्यायला बाहेर आलो. आई पलंगावर बसली होती. मंदामावशीनं तिला फोन केलेलाच होता. समोर कपाटातली ट्रंक उघडी, मांडीवर एक मोरपंखी पैठणी. वीस वर्षं ती सुनेसाठी ठेवलेली आहे, हे मला माहीत होतं. बाहेर काढलेली मात्र मी पहिल्यांदा पाहत होतो.

"माका सांगूक नाय तां?" आई म्हणाली. "तुका वाटला मी नको म्हणान? ख्रिश्चन आसा तर आसांदे. मासळी खातली मां?"

पाणी प्यायचं राहूनच गेलं.

मी खाली बसलो. "आई, टेस्ट म्हणजे चाचणी गं. वेबसाईट चालते का ते बघत होतो. खोटं नाव होतं ते."

"म्हणजे चेडू नाय?"

"नाय. कुठलीच मुलगी नाय."

तिनं पैठणीवरून एकदा हात फिरवला. मग तिची घडी घालायला लागली. चारही टोकं जुळवून, अगदी हळू. मला वाटलं आता रडणार. तर तिचे खांदे हलायला लागले. बघतो तर काय, हसत होती! डोळ्यांत पाणी, पण हसत होती.

"इतक्या वर्सांनी लगीन ठरयलंस," ती म्हणाली, "आणि तां पण खोटा!"

तेवढ्यात प्रशांत आला. अकरा मिस्ड कॉल बघून सरळ कार्यक्रमातून निघाला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी रडतखडत सगळं सांगितलं. त्यानं आधी बुकिंगचा फॉर्म बंद करून ठेवला. तपासलं. मधल्या वेळात एकही नवं बुकिंग आलेलं नव्हतं. मी भिंतीला टेकलो.

"जुळी प्रत आज बनवलीस ना?"

"हो."

"किती वाजता?"

"जेवणानंतर. दोनच्या सुमारास."

"तिच्यात निकिताचं बुकिंग आहे?"

आम्ही जुळीचा टॅब उघडला. होतं. सगळ्यांची होती. तावडेकाकाही हसत होते.

प्रशांतनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला खोक्यात घालून ट्रकमध्ये चढवावं. "अरे, मग हीच खऱ्या साईटच्या जागी आणायची ना! आणि ते सुचलं नाही तर होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला फोन करायचा. त्यांच्याकडे रोजचे बॅकअप वेगळे ठेवलेले असतात. तो नंबर काय शोभेला दिलाय?"

अर्ध्या तासात साईट जशीच्या तशी उभी राहिली. मी सावंतांना फोन करून तारीख पुन्हा उघडून बघायला लावली. "आली, आली!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की मागे व्याही दचकलेले मला ऐकू आले.

उरला खुलासा. तोही सगळ्या सभासदांना, त्याच मेसेजच्या वाटेनं. घाबरलेल्या डोक्यानं मी लिहिलं, 'संजय परब यांचा विवाह ही केवळ चाचणी होती. ती अयशस्वी झाली. वधू अस्तित्वात नाही. शंका असल्यास संपर्क साधावा,' आणि खाली माझा नंबर. पाठवून झाल्यावर प्रशांतनं वाचलं आणि तो जमिनीवर बसला. हसून हसून त्याला उठता येईना.

उत्तरं काय आली म्हणता? 'धीर सोडू नका.' 'देव योग्य वेळी देईल.' राण्यांनी तर फोन करून सांगितलं, "फोटोबद्दल आभार. दोन तास बरं वाटलं."

चार दिवसांनी एका बाईंचा फोन आला. मुलुंडच्या एका शाळेत शिक्षिका. त्यांची वहिनी आमची सभासद, तिनं खुलासा पुढे पाठवलेला. "तुमचा मेसेज वाचून मी इतकी हसले! तुम्हाला भेटायचंच आहे. शनिवारी जमेल?"

जमेल? अहो, मी शुक्रवारीच केस कापून आलो! आईनं शर्टाला स्वतः इस्त्री केली. "माणूस बरा वाटता मां?" तिनं दोनदा विचारलं. मी सेंट मारला आणि वीस मिनिटं आधी हॉटेलात जाऊन बसलो.

बाई आल्या. छान होत्या, हसतमुख. चहा मागवला. माझी सगळी हकीकत त्यांनी मन लावून ऐकली, मधेमधे वहीत काहीतरी लिहूनसुद्धा घेतलं. मला वाटलं, कोणी माझं एवढं ऐकून घेतंय, बात बनली!

मग वही मिटून त्या म्हणाल्या, "परबसाहेब, एक विचारू? नाही म्हणू नका हं."

"विचारा ना," मी कॉलर नीट केली.

"मी कॉम्प्युटर शिकवते. आठवीच्या मुलांना वेबसाईट सांभाळताना काय करू नये, हा धडा आहे. पुस्तकातून त्यांच्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही येऊन नुसते समोर उभे राहाल का?"

गेलो हो! तोच शर्ट घालून गेलो. साठ मुलं होती. बाईंनी ओळख करून दिली, "मुलांनो, आजचे पाहुणे या विषयातले तज्ज्ञ नाहीत. हे उदाहरण आहेत."