एवेलियाचं तेल

तुकुमान शहरात बस स्थानकामागच्या कोपऱ्यावर एवेलिया बार्रियोनुएवोची गाडी एकतीस वर्षं उभी होती. मांसाचे काप ठोकून पातळ करायचे, अंडं-लसणात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवायचे, तळायचे आणि टोमॅटो, सॅलडची पानं, मिरचीची चटणी घालून पावात भरून द्यायचे. नवरा गेल्यावर तिने दोन मुली या मिलानेसावर वाढवल्या. आता त्या दूर, ब्युनोस आयर्सला नांदत होत्या.

एका जुलैत तिला ताप आला. आठ दिवसांनी उठून ती गाडीवर आली, तेव्हा रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावून साखर कारखान्यांच्या मळीला शिव्या घालत होती. एवेलियाला कसलाच वास येईना. तिने लसणाची पाकळी चिरडून नाकाशी धरली. काही नाही. चावली, तर जीभ नुसती चुरचुरली.

ती कुणाला बोलली नाही. काप कधी पलटायचा ते तळणीच्या आवाजावरून कळत होतं. मीठ ती चमच्याने मोजू लागली. तीन आठवडे निभावलं.

अन्सेल्मो कोरोनेल हा म्हातारा टॅक्सीवाला तिचं रोजचं गिऱ्हाईक. एका दुपारी दोन घास खाऊन त्याने उरलेलं कागदात गुंडाळलं.

"काय रे, दात पडले का?" एवेलियाने विचारलं.

तो जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "तेल खवट झालंय, एवेलिया. कालही होतं. मला वाटलं, आज बदलशील."

तिने गॅस बंद केला. परातीत काप रचलेले असताना रांगेतल्या सात जणांना "आज संपलं" म्हणून परत पाठवलं.

चार दिवस गाडी उघडली नाही. पाचव्या दिवशी अन्सेल्मो घरी आला, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. "ताप गेला तो नाक घेऊनच. दिसत नसताना तू टॅक्सी चालवशील का? मग मी कुठल्या तोंडाने तळू?"

अन्सेल्मोने खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाला, "माझे गुडघे गेले, कान गेले. नाक तेवढं धड आहे. उद्या दहाला येतो."

तो चार वर्षं येत राहिला. कढईवर वाकायचा, "चालेल" किंवा "ओतून दे" म्हणायचा आणि टॅक्सीकडे वळायचा. कधी ती विचारायची, "आज वास कसा येतोय रे?" तो डोळे मिटून सांगायचा, "लसूण जरा पुढे आहे. छान आहे." ती ऐकत उभी राहायची.

एका फेब्रुवारीत तो दुपारच्या झोपेतच गेला. एवेलियाने त्याला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी ती गाडीवर आली. दहा वाजले. तेल तापलं होतं. पहिला काप हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मग तो परत परातीत ठेवून तिने खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि लिहिलं: 'मला वास येत नाही. तेल बिघडलं असेल तर सांगा.' पुठ्ठा तिने समोरच टांगला.

रांगेतली पहिली बाई ते वाचून थबकली. एवेलियाची मान खाली होती.

"किती वर्षं झाली, दोन्या एवेलिया?"

"चार."

"आणि आम्हाला आज सांगताय?" बाईने पिशवी खाली ठेवली, ती गाडीला वळसा घालून आत आली आणि कढईवर वाकून तिने वास घेतला. "ताजं आहे. सोडा काप."

पुढची सहा वर्षं, ती थकून गाडी बंद करेपर्यंत, रांगेत पहिला असेल तो आत येऊन तेलाचा वास घेई. एवेलियाला मात्र पुन्हा कधी वास आला नाही, की चव कळली नाही.