घरातूनच आणलं

अतिदक्षता विभागात मी भलत्याच माणसाचा हात धरून बसलो होतो. "अण्णा, घाबरायचं काही नाही, मी आहे की." तोंडावर मास्क, अंगभर नळ्या — सगळे सारखेच दिसतात हो तिथं. शेवटी त्या गृहस्थांनी डोळे किलकिले केले आणि कन्नडमध्ये विचारलं, "यार्री नीवु?" कोण हो तुम्ही? अण्णा शेजारच्या खाटेवर. मास्कच्या आत हसत होते.

धारवाडला आमच्याकडे जेवणं झाली की या किश्श्याची फर्माईश होते आणि मी तो रंगवून सांगतो. पण त्याच्या आधीचं — ते आजवर तोंडातून निघालेलं नाही. बायकोजवळही नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, जाताना त्यांना माझ्या हवाली करून. "भावजी, नुसता ताप आला तरी सरळ हुबळीला न्या हं." ताप आला. मी कुठं नेलं? अळणावरला. तिथं माझ्या वर्गमित्राचं छोटं नर्सिंग होम. ओळखीचा डॉक्टर असताना परक्याच्या दारात कशाला उभं राहायचं — हे माझं शहाणपण. दोन दिवस सलाइन, इंजेक्शनं. वहिनींचा फोन आला की मी सांगायचो, घरीच आहेत, पेज घेऊन आत्ताच झोपलेत. का? त्या रागावतील म्हणून. पन्नाशी उलटलेला बाप्या — वहिनीच्या रागाला भ्यायलो.

शेवटी मित्रच म्हणाला, आता हुबळी. गाडीत मी अण्णांच्या हातावरची सुईची चिकटपट्टी हळूच सोलून काढली. हुबळीला पोचल्यावर वहिनी व्हिडिओवर बघणार होत्या ना!

हुबळीचा डॉक्टर तरुण, पण सबुरीचा. त्यानं दोनदा विचारलं — आधी कुठं दाखवलंय का? का विचारतोय तेही सांगितलं. इथं आल्यानंतरच्या नाडी-रक्तदाबाच्या आकड्यांवरून आमचं मशीन धोका किती ते मोजतं. आधीच औषधं झाली असतील तर आकडे बरे दिसतात, माणूस आतून बरा नसतो. तुमच्या आलं ना लक्षात? माझ्याही आलं होतं. अगदी नीट आलं होतं. पण माझ्या हातात फोन होता, आणि फोनवर वहिनी ऐकत होत्या. मी म्हणालो, "मनीयिंद री. सीदा मनीयिंद." घरातूनच आणलं. सरळ घरातून.

धोक्याचा आकडा कमी आला. वहिनींना मीच म्हणालो — धावत येऊ नका, बारसं उरकून निवांत या.

त्या निघायच्या आत अण्णा गेले.

खरं सांगितलं असतं तर वाचले असते का? ठाऊक नाही — आणि त्या प्रश्नाच्या आडोशाला मला बसायचंही नाही. वहिनी त्यांना डोळे उघडे असताना भेटल्या असत्या. एवढं नक्की.

तेव्हापासून वहिनी म्हणतात, त्या दवाखान्यानं दगा दिला. आणि मी? मी मान डोलावतो, वर फोडणी घालतो — मशीनवर भरवसा ठेवला ना आपण! गंमत बघा, मध्ये काही काळ मला खरंच वाटायचं की फसवणूक माझीच झाली. चिडायचो त्या आकड्यावर. त्यानं काय केलं होतं बिचाऱ्यानं? तो दवाखान्याच्या दारापासून मोजत आला. दाराअलीकडचं त्याच्यापासून दडवलं कुणी?

परवा अण्णांचं श्राद्ध झालं. माझ्या पानात वडे वाढता वाढता वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सगळ्यांनी फसवलं मला. एक भावजी तेवढे शेवटपर्यंत खरे राहिले." तेवढ्यात पोरं ओरडली — काका, काका, तो 'यार्री नीवु'चा किस्सा! मी सांगितला. नेहमीसारखाच रंगला. वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या.

घरी येऊन हे लिहिलं आणि बायकोच्या हातात दिलं. तिनं वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसत राहिली, पुसत राहिली. मग म्हणाली, "ह्यातसुद्धा सुरुवात हुबळीच्या दवाखान्यातनंच केलीत की हो."