आबामामांनी सख्ख्या भावाविरुद्ध दिलेला अर्ज

फोनवर नानामामांचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे कळलं. आबामामा आणि नानामामा हे माझ्या आईचे दोघे भाऊ. तीन वर्षं त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, आणि अशा वेळी नानामामांनी सकाळी सकाळी मला फोन करावा... "आबा गया, बेटी," एवढंच ते म्हणाले. धुळ्याच्या देवपूरहून सोनगीरच्या अलीकडचं आमचं आजोळ काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. अंगणात चहा घेता घेताच आबामामांचं हृदय थांबलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

आबामामा वीज खात्यात लाइनमन होते. काय बिघडू शकतं, हेच त्यांना आधी दिसायचं. आमचं देवपूरचं घर बांधून झालं तेव्हा सगळे वास्तूच्या जेवणाची गडबड करत होते आणि हे कंपाउंडच्या भिंतीपाशी उभे. मिस्त्रीने भिंतीवर काचांचे तुकडे बसवले होते. "पोरांचा चेंडू आत येईल, पोरं भिंतीवर हात टाकतील... मंजूर नकाशात ह्या काचा आहेत का?" नव्हत्या. ताटावरही त्यांचं लक्ष तिकडेच होतं. शेवटी हात धुतले आणि हातोडी मागून घेऊन सगळ्या काचा स्वतःच फोडून काढल्या.

या धास्तीमागे एक प्रसंग होता. नोकरीत असताना, गवत कापायला गेलेल्या एका बाईचं प्रेत त्यांनी शेताच्या कुंपणावरून सोडवून खाली ठेवलं होतं. रानडुकरांसाठी शेतमालकाने तारेत करंट सोडला होता. "तिच्या मुठीत विळा तसाच होता," असं एकदाच म्हणाले. पुन्हा तो विषय नाही. पुढे आजोळच्या गावातही डुकरं वाढली, मका रातोरात आडवा व्हायला लागला, तेव्हा आबामामांनी ग्रामसभेत हट्टाने ठराव करून घेतला. कुंपणात थेट वीज सोडायची नाही. जीव न घेता नुसता झटका देणारं सौर झटका मशीन लावायचं तर तशी पाटी टांगायची. पायवाटेच्या कडेला काटेरी तार नको, घायपात लावा नाहीतर बाभळीच्या काट्या. लोक हसले, पण अंगठे उमटले, सह्या झाल्या. सही करणाऱ्यांत नानामामाही होते.

आणि त्यांच्याच शेताच्या तारेत करंट निघाला. एका सकाळी आबामामा बांधावरून जात असताना तारेखालचं ओलं गवत करपलेलं दिसलं. टेस्टर लावला, तो पेटला. रात्री खांबावरच्या वीजतारेला अडकवलेला आकडा काढायचं विसरून नानामामा धुळ्याच्या बाजाराला गेले होते. आबामामांनी कोरड्या काठीने आकडा खाली पाडला आणि भाऊ परत येईपर्यंत तिथेच उन्हात उभे राहिले.

"आज परत टाकशील का?" त्यांनी विचारलं.

"टाकसू. बठ्ठा मका डुकरं खाई जातीन, तू देशी का माले?"

आबामामा तसेच सोनगीरला गेले आणि वीज कार्यालयात सख्ख्या भावाच्या नावाने अर्ज दिला. त्याच दिवशी माणसं येऊन नानामामांच्या शेतातल्या खांबापर्यंतची वीज तोडून गेली. आठवड्याभरात डुकरांनी मका लोळवला. "तू मना भाऊ नही," असं नानामामा भर चौकात म्हणाले, ते शेवटचं. त्यानंतर आबामामा मला दर फोनला एकच विचारायचे, "मी चुकलो का गं?" मी "नाही" म्हणायचे, पण माझ्या म्हणण्याने त्यांना कुठे पटणार होतं...

तेराव्याला माणसं पांगल्यावर नानामामा मला बाजूला घेऊन गेले. वीज तोडली त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट त्यांनी सांगितली. राग डोक्यात असल्याने त्यांनी तार तशीच ठेवली होती. त्यांची तेव्हा चार वर्षांची नात परी करडामागे धावत गेली आणि दोन्ही हातांनी तार धरून तिला लोंबकळली. नानामामा वीस पावलांवर होते. तारेत आता वीज नाही, हे त्यांना क्षणभर आठवलंच नाही. परी हसत होती.

"त्याच दिवशी आबाले सांगाले गऊ व्हतू. दारपावत गऊ नि परत उनू... सांगनं राही गयं, बेटी."

"मामीला सांगा," मी म्हणाले; आबामामांची बायको आत बसली होती.

ते घाबरले. मग परीचं बोट धरून आत गेले आणि भिंतीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. मामी पदराने डोळे न पुसता ऐकत होती. त्यांचं सांगून झाल्यावर तिने परीला जवळ ओढलं, तिचे दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली.